‘अंडर’च्या शब्दांची पुस्तिका: कामाच्या नोंदी

८ जून

पुस्तिकेचं स्वरूप आज ठरलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गासाठी बत्तीस पानं, म्हणजे छपाईचे सोळा पानी दोन फॉर्म. विषय एकच: ‘अंडर’नं सुरू होणारे शब्द. वर्गातली बहुतेक मंडळी घरी मराठी बोलणारी आणि गुजराती माध्यमात शिकलेली. कुणी नर्स, कुणी वकिलाकडे टायपिंग करणारी, कुणी दिवसभर स्कूटरवरून पार्सलं पोचवणारा. ‘अंडर म्हणजे खाली’ हे सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. त्या जोरावर ‘अंडरपास’ कळतो, ‘अंडरलाइन’ कळतं, आणि ‘अंडरगो’ आला की गाडी अडते. खाली जाणं?

वाटणी अशी: काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, ते कायदा आणि सरकारी कागद बघणार. विमा आणि शेअर वहिनींकडे. भाच्याकडे कॉम्प्युटर. लिहायचं मी. खोडायचा अधिकार सर्वांना आहे, पण तो काकाच जास्त बजावणार असं दिसतंय.

१० जून

भाच्यानं यू-एन-डी-ई-आर ही पाच अक्षरं सुरुवातीला असलेले सगळे शब्द यादी करून आणले. ढीग मोठा आहे. त्यात एक घुसखोर सापडला, ‘अनडिराइव्ड’. स्पेलिंगची पहिली पाच अक्षरं तंतोतंत तीच, पण तोड वेगळी. ‘अन’ अधिक ‘डिराइव्ड’, म्हणजे दुसऱ्या कशापासून न निघालेला. अक्षरं मोजणाऱ्या यंत्राला विग्रह कळत नाही. शब्द बाद.

‘अंडर’ सुटा लिहायचा की जोडून, हाही घोळ आहे. काही ठिकाणी जोडून, काही ठिकाणी मध्ये आडवी रेघ, आणि ‘काम सुरू आहे’ या अर्थाचा ‘अंडर वे’ दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला दिसतो. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा, डच भाषेतून आलेला. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची व्याख्याच आहे: नांगर टाकलेला नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि रुतलेलंही नाही असं जहाज ‘अंडर वे’. म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसतं लाटांवर हेलकावत असलं तरी ते ‘अंडर वे’च. बऱ्याच सरकारी कामांना हा अर्थ चपखल बसेल.

१५ जून

आज वर्गीकरण. वर्णानुक्रमे मांडायचं नाही यावर एकमत झालं, कारण ‘अंडरटेकर’ आणि ‘अंडरटोन’ शेजारी बसवून कुणाचं भलं होत नाही.

वहिनींनी एक सोपी परीक्षा सुचवली. शब्दातला ‘अंडर’ काढून तिथे ‘ओव्हर’ घालायचा. उलटा अर्थ सरळ निघाला, तर तो ‘कमी पडणं’ या गटातला. अंडरवेट, ओव्हरवेट. अंडरपेड, ओव्हरपेड. अंडरएस्टिमेट, ओव्हरएस्टिमेट. इथे ‘अंडर’चा अर्थ ‘हवं त्यापेक्षा कमी’ असा होतो. हा गट सगळ्यात मोठा आहे आणि अजून वाढतोच आहे. गरज पडली की इंग्रजी बोलणारा माणूस जवळजवळ कुठल्याही क्रियापदाला ‘अंडर’ लावून मोकळा होतो.

परीक्षा फसते तिथेच खरी मजा आहे. ‘ओव्हरटेक’ म्हणजे पुढे निघून जाणं, ‘अंडरटेक’ म्हणजे मागे राहणं नव्हे, अंगावर घेणं. ‘ओव्हरराइट’ म्हणजे जुन्या फाइलवर नवी लिहून जुनी पुसून टाकणं, ‘अंडरराइट’चा त्याच्याशी संबंध नाही. ‘अंडरग्रोथ’ म्हणजे बहुधा खुंटलेली वाढ नव्हे, मोठ्या झाडांखाली माजलेलं झुडपांचं रान. हे शब्द स्वतंत्र पानावर घ्यायचे.

याच गटाला जोडून ‘अन’ आणि ‘अंडर’ यांतला फरक दाखवावा असं मला वाटतं, कारण वर्गात गोंधळ नेमका तिथे होतो. ‘अनपेड’ म्हणजे पगारच नाही. ‘अंडरपेड’ म्हणजे मिळतो, पण तुटपुंजा. ‘अनकुक्ड’ भात म्हणजे तांदूळ; ‘अंडरकुक्ड’ म्हणजे कणी राहिलेला. पार्सलवाला लगेच म्हणाला, “मी अंडरपेड आहे, आणि पेट्रोलचं अनपेड.” उदाहरण म्हणून हेच छापणार, नाव न देता.

काकांनी यात ‘अनडेव्हलप्ड’ आणि ‘अंडरडेव्हलप्ड’ची जोडी घातली. पहिला शब्द मोकळ्या प्लॉटलाही चालतो. दुसरा जगाच्या राजकारणात रुळला तो अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या २० जानेवारी १९४९ च्या भाषणानंतर, आपल्यासारख्या देशांचं वर्णन म्हणून. पुढे तो टोचू लागला आणि ‘डेव्हलपिंग’ आलं. मराठीतही ‘अविकसित’, ‘अल्पविकसित’ मागे पडून ‘विकसनशील’ झालं.

१९ जून

‘अंडरस्टँड’चं काय करायचं? खाली उभं राहिल्यानं समजतं कसं, हा प्रश्न वर्गात कुणी ना कुणी विचारतोच, आणि विचारणाऱ्याला वेड्यात काढलं जातं. प्रश्न रास्त आहे.

जुन्या इंग्रजीत ‘अंडर’ हा शब्द दोन अर्थांनी चालत होता. एक ‘खाली’ आणि दुसरा ‘मध्ये, दरम्यान’. अनेक अभ्यासक ‘अंडरस्टँड’मधला ‘अंडर’ दुसऱ्या अर्थाचा मानतात: गोष्टीच्या मधोमध उभं राहणं. जर्मनमधल्या ‘उंटर’मध्ये हे दोन्ही अर्थ अजून दिसतात. गंमत पुढे आहे. ‘खाली’ अर्थाचा ‘अंडर’ आपल्या ‘अधः’, ‘अधर’चा लांबचा भाऊबंद, आणि ‘मध्ये’ अर्थाचा ‘अंतर्’चा. म्हणजे ‘अंडरलाइन’ला ‘अधोरेखित’ म्हणतो तेव्हा भाषांतराच्या नावाखाली आपण दोन चुलतभावांची गाठ घालून देतो.

काकांचं म्हणणं, हे विद्यार्थ्यांना कशाला? मी म्हटलं, एका चौकटीत, अर्ध्या पानात. एवढ्यावर तडजोड. ‘अंतर्’ माहीत असलेल्याला ‘अंडरस्टँड’ पुन्हा कोड्यात टाकणार नाही.

२४ जून

पावसानं जोर धरला. अलकापुरीचं गरनाळं भरल्यामुळे नर्सबाई फेऱ्यानं आल्या, उशिरा. ‘जागेनं खाली’ हा गट आजच घ्यायचा होता, तो आयता समोर आला.

गुजरातीच्या सहवासात आपण सगळे ‘गरनाळं’ म्हणतो. पाटीवरचा इंग्रजी शब्द ‘अंडरपास’. मुंबईचे पाहुणे त्यालाच ‘सबवे’ म्हणतात, आणि ते ब्रिटिश वापराला धरून आहे: तिकडे ‘सबवे’ म्हणजे रस्त्याखालून चालत जायची वाट. न्यूयॉर्कला मात्र ‘सबवे’ म्हणजे भुयारी रेल्वे, जिला लंडनवाले ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. लंडनची ती रेल्वे १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली. सयाजीराव महाराजांचा जन्मही त्याच साली, मार्चमध्ये. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण बडोद्याच्या माणसाला साल लक्षात ठेवायला बरं.

‘अंडरग्राउंड’चा दुसरा अर्थ मराठीला समजावून सांगावा लागत नाही. १९४२ च्या चळवळीतले कार्यकर्ते ‘भूमिगत’ झाले तेव्हा कुणी जमिनीत शिरलं नव्हतं. ‘खाली’मधून ‘लपलेलं’ हा अर्थ इथे निघतो आणि तीच वाट ‘अंडरकव्हर’, ‘अंडरवर्ल्ड’, ‘अंडरहँड’ यांच्याकडे जाते.

‘अंडरहँड’ आणि ‘अंडरआर्म’ यांची गल्लत होते, म्हणून क्रिकेटचं उदाहरण घेतलं. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेलनं चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. तो चेंडू ‘अंडरआर्म’ होता. त्या वेळच्या नियमात बसत होता. ही वागणूक ‘अंडरहँड’ होती का, यावर लोक अजून भांडतात. खरं तर ‘अंडरहँड’मध्ये लपवाछपवी लागते, आणि तो चेंडू तर भर मैदानात, पंचांना सांगून टाकलेला. काकांच्या मते शब्द लागू नाही. भाच्याच्या मते लागू आहे. वर्गात अर्धा तास यातच गेला आणि दोन्ही शब्द सगळ्यांचे पक्के झाले.

‘अंडरस्टेटमेंट’चं उदाहरण पार्सलवाल्यानंच दिलं. गरनाळ्यात गळ्याइतकं पाणी बघून म्हणायचं, “जरा शिंतोडे पडलेत वाटतं.”

२ जुलै

आज वहिनी आणि काका यांची बैठक. कागदावरचे शब्द.

‘अंडररायटर’ची गोष्ट लंडनच्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरातली, सतराव्या शतकाच्या अखेरची. जहाजाचा विमा उतरवायचा तर तपशील एका कागदावर लिहून तो व्यापाऱ्यांत फिरवत. ज्याला जोखमीचा वाटा घ्यायचा असेल तो मजकुराच्या खाली आपलं नाव आणि रक्कम लिही. खाली लिहिणारा तो अंडररायटर. वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे फाइल अंडररायटिंगला गेली म्हणजे एजंटाचा जीव टांगणीला.” कारण विमा द्यायचा की नाही आणि हप्ता किती, हे तिथे ठरतं. शेअरविक्रीत हाच शब्द वेगळ्या कामाला: लोकांनी न घेतलेले शेअर मी घेईन, अशी हमी देणारा.

‘अंडरसाइन्ड’ची गोष्टही खालच्या सहीचीच, पण तो बापडा अर्जाच्या शेवटी ‘खाली सही करणार’ होऊन बसला. सरकारी मराठीत ‘निम्नस्वाक्षरीकार’. काकांना हा शब्द प्रिय, मला नाही. पुस्तिकेत दोन्ही येतील. तोंडातल्या तोंडात कुठला मावतो ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

‘अंडरटेकिंग’ इथे सगळ्यांना ‘बांहेधरी’ म्हणून माहीत आहे, कारण कॉलेजच्या प्रवेशापासून सगळीकडे गुजराती फॉर्मवर तोच शब्द असतो. मराठीत ‘हमीपत्र’. काकांनी एक गोष्ट ठळक छापायला लावली: कोर्टात दिलेली अंडरटेकिंग मोडली तर तो कोर्टाचा अवमान ठरू शकतो. म्हणून इंग्रजी येत नसताना ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असं ऐकून सही ठोकू नये. सरकारी कंपन्यांच्या संदर्भात मात्र हाच शब्द ‘सार्वजनिक उपक्रम’.

‘अंडरट्रायल’ हा नाम म्हणून वापरायचा शब्द आपल्याकडचा. खटला चालू आहे आणि शिक्षा झालेली नाही असा तुरुंगातला माणूस. इंग्लंडमध्ये त्याला ‘रिमांडवरचा कैदी’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. मराठीत ‘कच्चा कैदी’, गुजरातीत ‘काचा कामनो केदी’. टायपिंग करणाऱ्या मुलीनं विचारलं, मग अंडरट्रायलला गुन्हेगार म्हणता येईल का? नाही. काकांनी हे उत्तर तीनदा दिलं, दर वेळी आवाज चढवून.

११ जुलै

‘अंडरटेकर’ कुणाला माहीत आहे, असं विचारलं तर सगळे हात वर. अर्थ विचारला तर “धोकादायक पैलवान”. १९९० मध्ये अमेरिकन कुस्तीच्या तमाशात उतरलेलं ते पात्र मुळात जुन्या काळच्या अंत्यविधी करणाऱ्याच्या सोंगात होतं, म्हणून ती काळी हॅट आणि काळा कोट. अंडरटेकर म्हणजे आधी कुठलंही काम अंगावर घेणारा, कंत्राटदारासारखा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्यालाच चिकटला, आणि एकदा चिकटल्यावर बाकीच्या कंत्राटदारांनी तो सोडून दिला. ‘अंडरटेक’ क्रियापदाला मात्र सुतक लागलं नाही. प्रवास, अभ्यास, दुरुस्ती, काहीही ‘अंडरटेक’ करता येतं, फक्त काम जरा वजनदार हवं. चहा करायला घेणं म्हणजे ‘अंडरटेक’ नव्हे.

ब्रिटिश रस्त्यांवर ‘अंडरटेक’चा आणखी एक बोलीतला अर्थ आहे: तिकडेही गाड्या डावीकडून चालतात, तेव्हा पुढच्या गाडीला उजवीकडून ओलांडण्याऐवजी डावीकडून घुसून पुढे जाणं. आमच्या बडोद्याच्या काला घोडा सर्कलला पाच मिनिटं उभं राहिलं की हा अर्थ चित्रांसह समजतो.

१८ जुलै

काकांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ची आठवण काढली. १९३१ साली बडोदा संस्थानानं राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत मांडून तो कोश काढला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. आमचं बत्तीस पानांचं काम त्याच्यापुढे काहीच नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तो कोश कचेरीतल्या टेबलासाठी होता. शब्द कुठे लागणार, ते आधी ठरलेलं. आपल्या वाचणाऱ्याला तरी ‘न्यूनतेचा अंडर’, ‘गौणतेचा अंडर’ अशी प्रकरणं कशाला हवीत? त्याला शब्द दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, दुकानात भेटतो. मांडणी तशीच करावी. वहिनींची ‘ओव्हर’ची परीक्षा पहिल्या पानावर राहील, बाकीचं सगळं जागेनुसार. पुन्हा कापाकापी आली.

पदांच्या नावांत ‘अंडर’ म्हणजे हाताखालचा. ‘अंडर सेक्रेटरी’ला मराठीत ‘अवर सचिव’. दिल्लीच्या उतरंडीत तो उपसचिवाच्या खाली. अमेरिकेतही तो ‘डेप्युटी सेक्रेटरी’च्या खालीच, पण तिथे ‘सेक्रेटरी’ म्हणजे मंत्री, त्यामुळे अंडर सेक्रेटरी खात्यातला तिसऱ्या पायरीचा बडा अधिकारी ठरतो. तिकडचा अंडर सेक्रेटरी भारतात आला आणि बातमीत नुसतं ‘अवर सचिव’ छापलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, कुणी तरी फाइलवाला आला.

२३ जुलै

‘अंडरमाइन’. मराठी माणसाला हा शब्द शिकवायला किल्ल्यापाशी न्यावं. तटाखाली भुयार खणायचं, त्याला लाकडाचे टेकू द्यायचे, मग टेकू जाळून तट खाली आणायचा, ही युरोपातली वेढ्याची जुनी पद्धत. पुढे त्यात दारू भरू लागले. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेनं चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगानं उडवला तो याच विद्येनं.

म्हणून ‘सुरुंग लावणं’ हे भाषांतर कुणालाही पहिल्यांदा सुचतं. माझं मत, ते अर्ध्याच ठिकाणी बसतं. आपल्या सुरुंगात स्फोट आहे, एका क्षणाचा. आजच्या इंग्रजीतलं ‘अंडरमाइन’ हळूहळू चालतं: रोज चारचौघांत सुनेचं बोलणं खोडून काढणं म्हणजे तिचा आत्मविश्वास ‘अंडरमाइन’ करणं. तिथे ‘पोखरणं’ हवं. वहिनींना उदाहरण फार पटलं. काकांनी ते बदलून ‘सुने’च्या जागी ‘कारकून’ घातलं. वहिनींनी पुन्हा ‘सून’ केलं.

२८ जुलै

दवाखान्याचं पान. ‘अंडरगो’बद्दल नर्सबाईंनी सांगितलं की त्यांच्याकडच्या कागदांत हा शब्द रोज येतो: पेशंटनं ऑपरेशन ‘अंडरगो’ केलं, तपासणी ‘अंडरगो’ केली. करणारा डॉक्टर, सोसणारा पेशंट, आणि वाक्याचा कर्ता तरीही पेशंटच. मराठीत ‘करून घेतली’ म्हटलं की हे जमतं. प्रशिक्षण, बदल, चौकशी यांच्यासोबतही हा शब्द चालतो. जेवण, सिनेमा, सहल यांच्यासोबत नाही. जे आपल्यावर घडतं आणि ज्यातून पार व्हावं लागतं, तेच ‘अंडरगो’ होतं. भूतकाळ ‘अंडरवेंट’, तिसरं रूप ‘अंडरगॉन’.

‘अंडरनरिश्ड’ आणि ‘मालनरिश्ड’ दोन्हींना आपण सरसकट ‘कुपोषित’ म्हणतो. पहिल्यात अन्न अपुरं. दुसऱ्यात पोषण बिघडलेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत त्यात लठ्ठपणाही येतो.

दुकानाचं पान लवकर झालं. ‘अंडरकट’ म्हणजे शेजारच्यापेक्षा भाव पाडून विकणं, खंडेराव मार्केटमध्ये संध्याकाळी चालतं तसं. सलूनमधला ‘अंडरकट’ भाच्याच्या डोक्यावर आहेच, फोटो त्याचाच.

६ ऑगस्ट

प्रूफं आली. डीटीपीवाल्यानं ‘अंडररायटर’मधला एक ‘र’ गिळला आहे, सगळीकडे ‘अंडरायटर’. इंग्रजी स्पेलिंगमध्येही तिथे दोन ‘आर’ आहेत, म्हणून ‘अंडररेट’, ‘अंडररन’ हेही तपासून घेतले. ‘अंडरडॉग’ची ओळ बरोबर बसली आहे: कुत्र्यांच्या झुंजीत खाली पडलेला, हरत आलेला तो, आता सामन्यात कुणी ज्याच्यावर पैज लावत नाही तो.

एक जागा रिकामी उरली. भाच्याला तिथे ‘अंडरव्हेल्म’ हवा. ‘ओव्हरव्हेल्म’मधलं ‘व्हेल्म’ म्हणजे पालथं घालणं, बुडवणं. विसाव्या शतकात कुणी तरी थट्टेनं त्याला ‘अंडर’ जोडला आणि ‘काही विशेष वाटलं नाही’ असा अर्थ रूढ झाला. काका म्हणाले, थट्टेतून निघालेला शब्द पुस्तिकेत नको. वहिनी म्हणाल्या, नव्या सिनेमाबद्दल बोलायला हाच लागतो. मतं घेतली, शब्द राहिला, पान २९, खालून तिसरी ओळ. काकांची प्रूफावरची फुली पांढऱ्या शाईनं झाकून उद्या कागद छापखान्यात.